मानेच्या सांध्यातील दुर्मिळ गाठ

प्रश्न : माझे थोरले भाऊ ४१ वर्षांचे असून शाळेत शिक्षक आहेत. वर्षभरापासून त्यांची मान दुखते. हल्ली शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळतात आणि उजव्या पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही. एमआरआयमध्ये मानेच्या पहिल्या व दुसऱ्या मणक्याजवळ गाठ दिसली. तुकडा तपासल्यावर ‘पिगमेंटेड व्हिलोनोड्युलर सायनोव्हायटिस’ असे निदान झाले. हा कर्करोग आहे का? घरातील वडीलधारे आधी मालीश करून पाहू म्हणतात.
— एक वाचक भगिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : हा कर्करोग नाही. सांध्याला आतून पातळ अस्तर असते व त्यातून वंगणासारखा द्रव पाझरतो. त्या अस्तराचीच ही बेसुमार वाढ आहे. तिच्यात वारंवार थोडा रक्तस्राव होऊन रक्तातले लोह साचते, म्हणून ती गंजासारखी तपकिरी दिसते आणि एमआरआयमध्ये काळपट उमटते. जॅफी, लिख्टेनस्टाइन व सुत्रो यांनी १९४१ मध्ये या विकाराला हे नाव दिले. तो बहुधा गुडघ्यात आढळतो, मणक्यात फारच क्वचित. आपल्याकडे मणक्याचे हाड पोखरलेले दिसले की क्षयाची शंका आधी येते, त्यामुळे तुकडा तपासून घेतलात हे फार चांगले केलेत.

आपल्या पत्रात मानदुखीपेक्षा चप्पल निसटण्याची ओळ मला अधिक काळजीची वाटली. मान डावी-उजवीकडे वळण्याची जवळपास निम्मी क्रिया या दोन मणक्यांमध्ये होते आणि त्यांच्या पोकळीतूनच मज्जारज्जू खाली उतरतो. बोटांचे व पायाचे हे बदल त्याच्यावर दाब येत असल्याचे सुचवतात. अशा मानेला मालीश करणे किंवा झटका देऊन ती ‘मोडणे’ धोक्याचे आहे; वडीलधाऱ्यांना हे माझ्या नावाने सांगा.

शस्त्रक्रियेने गाठ शक्य तितकी समूळ काढणे हा मुख्य उपाय होय. सांधा सैल झाला असेल तर स्क्रू व सळ्यांनी मणके जोडावे लागतात. त्यानंतर मान पूर्वीइतकी वळत नाही, याची भावांना आधीच कल्पना द्यावी. अंश राहिल्यास गाठ पुन्हा वाढू शकते, म्हणून पुढे काही वर्षे ठरावीक काळाने एमआरआय करावा लागतो. पेक्सिडार्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली. परंतु ते शस्त्रक्रियेने भागणार नाही अशा रुग्णांसाठी आहे आणि त्याने यकृताला गंभीर इजा होऊ शकते. मज्जारज्जू दबत असताना त्याच्या भरवशावर थांबू नये.

मेडिकलचे सुपर स्पेशालिटी रुग्णालय किंवा मिहानमधील एम्स येथील न्यूरोसर्जरी विभागात सर्व कागद व एमआरआयची सीडी घेऊन याच आठवड्यात जा. तोवर त्यांना स्कूटर चालवू देऊ नका. लघवी अडली, हातपाय अचानक लुळे पडले किंवा श्वास घेणे जड झाले, तर रात्र असली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठा.