अनुकंपी चेतापेशींची ‘वाढ’ म्हणावे की ‘विकास’?

‘जन्माच्या आसपास अनुकंपी चेतापेशींची वाढ होते’ असे लिहावे की ‘विकास होतो’ असे, आणि हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, असा प्रश्न विचारला गेला आहे.

माझ्या मते ते चालत नाहीत. वाढ म्हणजे आकारात, वजनात किंवा संख्येत पडणारी भर. विकास म्हणजे घडणीत आणि कार्यात होणारा बदल. बाळाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी बरोबरीने होत असल्यामुळे त्यांतला फरक एरवी जाणवत नाही. हृदयाची गती, रक्तवाहिन्यांचे आकुंचन, घाम यांचे नियंत्रण करणाऱ्या अनुकंपी चेतापेशींच्या बाबतीत मात्र तो डोळ्याआड करता येत नाही.

भ्रूणातील चेतानलिकेच्या (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात त्या नळीच्या) पाठीकडील कडेवरून काही पेशी सुटतात आणि सरकत सरकत महारोहिणीच्या (शरीरातील मुख्य धमनीच्या) लगत येऊन थांबतात. महारोहिणीकडून येणाऱ्या प्रथिनांच्या संकेतांमुळे त्यांच्यात नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे संदेशवाहक रसायन तयार करण्याची क्षमता येते. या टप्प्याला ‘विभेदन’ (पेशीने ठरावीक प्रकारचे रूप घेणे) हाच नेमका शब्द आहे. पुढे या पेशींचे अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारे लांब तंतू, रक्तवाहिन्यांच्या कडेकडेने हृदयापर्यंत आणि ग्रंथींपर्यंत पोहोचतात. तंतू खरोखरच लांब होत असल्याने तेथे ‘तंतूंची वाढ’ म्हणणे योग्यच आहे.

खरी अडचण त्यानंतर येते. सुरुवातीला या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार झालेल्या असतात, आणि ज्या अवयवांकडे त्यांचे तंतू जातात ते अवयव ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ हे प्रथिन अगदी मोजक्या प्रमाणात बनवतात. ज्या पेशींना ते पुरेसे मिळत नाही त्या मरून जातात. म्हणजे जन्माच्या आसपासच्या काळात पेशींची संख्या घटते आणि नेमके त्याच काळाविषयी आपण ‘पेशींची वाढ होते’ असे लिहून बसतो. या प्रथिनावरील संशोधनासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना 1986 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी, 1960 मध्ये, नवजात उंदरांना या प्रथिनाला निष्प्रभ करणारी प्रतिरक्तलस टोचली असता त्यांच्या अनुकंपी गुच्छिका (चेतापेशींचे पुंजके) जवळजवळ नाहीशा झाल्याचे दिसून आले होते. प्रथिनाच्या नावातच ‘ग्रोथ’ असल्यामुळे ‘वाढ’ हा शब्द सहज लेखणीतून उतरतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु तंतू वाढवण्याइतकेच पेशी जगवणे हेही त्याचे मोठे काम आहे.

म्हणून ‘अनुकंपी चेतापेशींचा विकास’ असे लिहावे, आणि त्यात पेशीमृत्यूही धरावा. रोजच्या बोलण्यात ‘विकास’ शब्दाला भरभराटीचा अर्थ चिकटलेला असला, तरी जीवशास्त्रात तो अभिप्रेत नाही. उंदराच्या पायातील घर्मग्रंथींशी जोडलेल्या अनुकंपी पेशी जन्मानंतर नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडून अ‍ॅसिटिलकोलीन हे दुसरे संदेशवाहक रसायन वापरू लागतात. हा बदल त्या ग्रंथींकडून येणाऱ्या संकेतांमुळे घडतो, आणि त्यात काहीही वाढत नसले तरी तो विकासाचाच भाग आहे.