हलकं पिन बाइंडिंग: वजन कमी करताना काय काढलंय ते आधी बघा

स्की टूरिंगसाठी, म्हणजे स्कीवरूनच डोंगर चढून मग उतरण्यासाठी, कोणतं पिन बाइंडिंग (बूट स्कीला पकडून ठेवणारी जोडणी) घ्यावं असं तुम्ही विचारलंत आणि तीन पर्याय दिलेत: शर्यतीचं १३० ग्रॅमचं, मधलं ३०० ग्रॅमचं आणि ब्रेकसकट ६०० ग्रॅमच्या घरातलं. तुमचं वजन ७० किलो, स्की मधोमध ८६ मिमी रुंद, टूरिंगचा पहिलाच संच. मी तुमच्या जागी असते तर मधलंच घेतलं असतं.

ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८० च्या दशकात ही पिनांची कल्पना काढली, आणि मूळ रचना अजून तीच आहे. पुढे दोन पिना बुटाच्या चवड्याला दोन बाजूंनी पकडतात, मागे दोन पिना टाचेत शिरतात. ग्रॅम वाचतात ते या रचनेतून काहीतरी काढून टाकल्यावर, म्हणून आकड्यापेक्षा नेमकं काय काढलंय ते विचारा.

शर्यतीच्या बाइंडिंगमध्ये मागे बहुधा यू आकाराची स्प्रिंग असते. पडल्यावर बूट वरच्या दिशेने सुटायला लागणारी ताकद तिच्यात ठरलेली असते, स्क्रूने कमी-जास्त करता येत नाही. बुटाच्या लांबीप्रमाणे मागेपुढे सरकवायची सोयही बरेचदा नसते, आणि टाचेखालचा रायझर (चढताना टाच उंच ठेवणारा आधार) एकच. सरावलेल्या माणसाला हे चालतं. नवशिक्या पडतो जास्त, आणि तेही वेडावाकडा. त्यामुळे उभी आणि आडवी, दोन्ही दिशांची सुटका स्वतःच्या वजनाप्रमाणे लावता येणं ही माझ्या लेखी पहिली अट. त्यासाठी शे-दीडशे ग्रॅम जास्त गेले तर जाऊ द्या, गुडघा एकदा गेला की वर्षं जातात.

आडवी सुटका कशी होते ते नीट समजून घ्या. बहुतेक पिन बाइंडिंगमध्ये टाचेकडचा भाग फिरतो, टाच बाहेर पडते आणि मग चवड्याच्या पिना उघडतात. चढताना आपण पुढचं लिव्हर ओढून लॉक करतो. उतरताना ते तसंच राहिलं तर पिना उघडतच नाहीत. हिमस्खलनात असं झालं तर पायातली स्की माणसाला खाली ओढते. उतरणीआधी दोन्ही लिव्हर हाताने तपासायची सवय लावाच.

सुटलेली स्की घसरत जाऊ नये म्हणून ब्रेक (बर्फात रुतणारे दांडे) की लीश (स्की पायाला बांधणारी दोरी)? ब्रेकमुळे साधारण शंभर ग्रॅम वाढतात, पण तरी पहिल्या संचाला मी ब्रेक सांगेन. त्याची रुंदी स्कीच्या मापाची हवी. हिमनदीवर सुटलेली स्की भेगेत गेली तर परतणं अवघड होतं, तिथे लीशला अर्थ आहे. हिमस्खलनाच्या उतारावर मात्र लीश स्कीला पायाशी बांधून ठेवते.

आणखी एक, कारण हे मला स्वतःला भोगावं लागलं. चवड्याच्या स्प्रिंगखाली बर्फ दाबून बसला होता. पिना मिटल्यासारख्या वाटल्या आणि तिसऱ्या वळणावर स्की निघाली. आता पाय ठेवण्याआधी काठीच्या टोकाने खालचा बर्फ काढते. चवडा पकडला की टाच मोकळी असतानाच पाय पाच-सहा वेळा वरखाली हलवते, म्हणजे बुटाच्या खोबणीतला बर्फ पिना खरवडून काढतात.

रायझर दोन उंचीचे असले की पुरे. क्रॅम्पॉन (कडक बर्फावर घसरू नये म्हणून स्कीखाली लावायचे दाते) अडकवायची खाच आहे ना, एवढं बघा.

बसवून घेताना स्वतःचे बूट घेऊन जा. बुटाची टाच आणि बाइंडिंगचा मागचा भाग यांत कंपनी सांगते तेवढीच फट हवी. काहींत ती ४ मिमी असते, काहींत शून्य. बूट बदलले की फट पुन्हा मोजा.