तासगाव तालुक्यात ५ गुंठ्यांत पर्यावरणपूरक घर बांधायचंय. व्हिडिओत दाखवतात तसं मातीचं बांधावं का?

तुम्ही लिहिलेल्यातल्या तीन गोष्टी महत्त्वाच्या: जमीन काळी आहे, नोकरी पुण्यात आहे आणि आई-वडील तिथं राहायला दोनेक वर्षांनी जाणार आहेत. एवढ्यावरून सांगतो, मातीचं नको. मी इंजिनिअर नाही. सहा वर्षांपूर्वी याच तालुक्यात घर बांधलं, त्यात जे चुकलं आणि जमलं तेवढंच सांगू शकतो.

आमचं जुनं घर माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, मे महिन्यात आत शिरलं की जीव निवायचा. पण आजोबा दर वर्षी मृगाच्या आधी माळवदावर नवी माती टाकून चोपायचे, उगवलेलं गवत उपटायचे, आजी भिंती लिंपायची. ते घर माणसांच्या हातावर उभं होतं. दोन वर्षं कुलूप लावून ठेवलेल्या मातीच्या घराचं काय होतं ते गावात कुठंही बघा. शिवाय काळी माती भिंतीच्या कामाची नाही, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मुरमाड माती बाहेरून डंपरनं आणायची, तिच्या दाबून विटा करायच्या तर त्यातही थोडं सिमेंट घालायचं, मग उरलं काय?

काळी माती पायालाही छळते. मुरूम लागेपर्यंत खाली जा, प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची सळई-काँक्रीटची पट्टी) घ्या, तिथं पैसे वाचवू नका. खणलेली वरची माती मात्र फेकून देऊ नका, झाडांना लागेल.

आता खरं काम. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे सगळ्यात जास्त तापतं छत आणि त्यानंतर पश्चिमेची भिंत. दक्षिणेला दोन फुटांचा छज्जा पुरतो, पश्चिमेला छज्ज्याखालून ऊन आत येतं. आमची एक बेडरूम पश्चिमेला काढली ही माझी घोडचूक. मे महिन्यात रात्री नऊला त्या भिंतीला हात लावला तर नुकताच उतरवलेला तवा. शेवटी शेजाऱ्याच्या बेदाण्याच्या शेडचं जुनं हिरवं नेट आणून भिंतीपासून दीड हात पुढं बांधलं, बाहेर शेवगा लावला. फरक पडला. तुम्ही नकाशातच जिना, बाथरूम, कोठीची खोली पश्चिमेला ढकला. आणि बेदाण्याची शेडही एकदा नीट बघून या. वारा कुठून येतो हे त्या शेडवाल्यांना आर्किटेक्टपेक्षा चांगलं कळतं. गच्चीवर फुटक्या पांढऱ्या टाइल्सचं चायना मोझॅक करा, नाहीतर दर उन्हाळ्यात चुना मारा.

भिंतींसाठी आम्ही रॅट ट्रॅप बाँड केला, म्हणजे विटा रचण्याची एक पद्धत, वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या, भिंत नऊ इंचीच होते पण मधे पोकळी राहते. विटा साधारण पाव भाग कमी लागतात आणि उष्णताही उशिरा आत येते. आमचा मिस्त्री म्हणाला, “पोकळ भिंतीत उंदीर राहतील की, दादा!” पहिला आठवडा त्यानं माझ्याकडं रागानंच बघितलं. दोन सूचना: भट्टीवर स्वतः जाऊन एकसारख्या विटा निवडा, आणि लाईटच्या पाइपा कुठून जाणार ते आधी ठरवा. नंतर भिंत फोडायला लागलात तर सगळंच मुसळ केरात. खर्चाचं म्हणाल तर विटेत वाचलं ते मजुरीत गेलं, बरोबरी झाली.

पाण्यावर मात्र हात आखडू नका. १,००० चौरस फूट गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ९,३०० लिटर. गळती-उडती धरून ७,००० तरी हातात येतं. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला ४० लिटर धरले तर १०,००० लिटरची टाकी २५० दिवस जाते, म्हणजे दिवाळीपासून मृगापर्यंत निवांत. टाकी बंद आणि अंधारी हवी. पहिल्या वर्षी आम्ही पहिला पाऊसही टाकीत घेतला, कबुतरांची घाण आणि धुळीनं पाणी आठ दिवसांत वास मारायला लागलं. आता एक उभा पाइप जोडलाय, आधीचं घाण पाणी त्यात भरतं आणि मगच टाकीकडं वळतं.

द्राक्षपट्ट्यातली आणखी एक गोष्ट कुठल्या व्हिडिओत सापडणार नाही. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की शेजारच्या बागेत फवारणीचा ब्लोअर चालू होतो. एकदा सकाळी आमच्या गच्चीवर बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाचे) निळसर ठिपके दिसले. तेव्हापासून छाटणीनंतरचा परतीचा पाऊस टाकीत घेत नाही, झाडांकडं सोडतो. टाकी भरल्यावर वाहून जाणारं जून-सप्टेंबरचं पाणी दगड-वाळूच्या खड्ड्यातून बोअरला मुरवतो.

सोलरचं फार लिहीत नाही. ३ किलोवॅटला केंद्राच्या सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपये अनुदान आहे, किलोवॅटमागं दिवसाला चारेक युनिट मिळतात. पॅनेलवर धूळ फार बसते, पुसायला चढता येईल असा जिना ठेवा.

आणि शेवटी, तुम्हाला ‘पाहुण्यांसाठी’ हवी असलेली तिसरी बेडरूम. आमच्याकडं तीच खोली आहे. सध्या तिच्यात ज्वारीची पोती आणि फवारणीचा पंप आहे. न बांधलेल्या खोलीला ना वीट लागते, ना सिमेंट. पाहुणे आमचे ओसरीवर झोपतात.