खांद्याच्या ऑपरेशननंतर स्नायूत हाड तयार होतंय, मालिश करावी का?

प्रश्न: वडील ६४ वर्षांचे. बाथरूममध्ये घसरून पडले, खांद्याच्या हाडाचे तुकडे झाले म्हणून ३ महिन्यांपूर्वी सांधा बदलला. अजून हात कानापर्यंत जात नाही आणि परवाच्या एक्स-रेत सांध्याशेजारी ढगासारखं पांढरट काहीतरी दिसलं, डॉक्टर म्हणाले स्नायूत नवीन हाड होतंय. कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का? गावाकडे एक जण मालिश करून सांधा मोकळा करतो, त्यांच्याकडे नेऊ का? – एक वाचक, कराड

उत्तर: आधी मालिशचं, कृपा करून नेऊ नका. नवीन हाड होत असताना जोर लावून हात ओढला तर स्नायू आणखी दुखावतो आणि हा त्रास वाढू शकतो. पण हात गळ्यात बांधून बसवूनही ठेवायचं नाही हं, फिजिओने दाखवलेले हलके व्यायाम दुखण्याच्या मर्यादेत चालूच ठेवा.

याला हेटरोटॉपिक ऑसिफिकेशन म्हणतात. मार लागला किंवा ऑपरेशन झालं की भरून येताना स्नायूतल्या काही पेशी चुकून हाड बनवायला लागतात, मग काही आठवड्यांनी ते एक्स-रेत दिसतं. खाण्यातल्या कॅल्शियमचा याच्याशी संबंध नाही, त्यामुळे गोळ्या मनाने बंद करू नका, या वयात पडून हाड मोडलंय म्हणजे उलट हाडांची ताकद तपासून घ्यायला हवी.

खांद्यात हे बहुतेक वेळा थोडंसंच असतं आणि फारसा त्रासही देत नाही, म्हणून हात वर जात नाही याचा सगळा दोष या हाडावर टाकू नका, सांध्याचा कडकपणा, अशक्त स्नायू अशी बाकी कारणंही डॉक्टरांकडून बघून घ्या. ताप, जखमेतून पाणी येणं, दुखणं वाढत जाणं यातलं काही असेल तर मात्र थांबू नका, इन्फेक्शन असू शकतं.

ते हाड लगेच काढून टाका असा आग्रह धरू नका. कच्चं असताना काढलं तर परत येण्याची भीती असते, शिवाय हालचाल खरंच अडत असेल तरच ऑपरेशनचा विचार होतो, तोही बऱ्याचदा ६ महिने ते वर्षभराने, हाड पक्कं झाल्यावर.

आणि पुढे कधी खुब्याचं वगैरे ऑपरेशन ठरलं तर हा एक्स-रे सर्जनला आधीच दाखवा, कारण एकदा झालेल्याला परत होण्याचा धोका जास्त असतो. तेव्हा इंडोमेथासिनसारख्या गोळ्या किंवा रेडिएशनचा एक छोटा डोस देऊन ते टाळायचा प्रयत्न करता येतो, पण या गोळ्या पोटाला आणि किडनीला त्रास देऊ शकतात, तेव्हा मेडिकलमधून स्वतःहून आणून आत्ता सुरू करू नका.