मुलाच्या हाताची कोपर ते मनगट दोन्ही हाडं मोडलीत, ऑपरेशन करावंच लागेल का?

लागेलच असं नाही. वाढत्या वयात हाडाचा थोडाफार वाक आपोआप सरळ होतो, म्हणून ८-९ वर्षांपर्यंत हाड बसवून प्लास्टर बहुतेकदा पुरतं. हाड स्वतःभोवती फिरून पडलेला पीळ मात्र वाढीबरोबर जात नाही. तो राहिला तर पुढे तळहात पूर्ण उताणा-पालथा होत नाही. हाड नीट बसत नसेल, प्लास्टरमध्ये पुन्हा सरकलं किंवा कातडी फाडून बाहेर आलं असेल, तर ऑपरेशनला घाबरू नका. बहुधा छोट्या छेदातून हाडाच्या पोकळीत टायटॅनियमचा लवचिक नेल (बारीक सळई) सरकवतात, साधारण ६ ते १२ महिन्यांनी काढतात.

एक नक्की पाहा: बोटं हळूच सरळ केली तरी मूल कळवळत असेल, औषधानेही दुखणं वाढतच असेल, तर सकाळची वाट न पाहता लगेच हॉस्पिटल गाठा.