परदेशी शाळेत नोकरी हवी आहे, एजंटला पैसे देऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात सीबीएसई शाळेत गणित शिकवते, बी.एड. आहे, पाचेक वर्षांचा अनुभव आहे. वाशीचा एक एजंट दुबईत नोकरीची खात्री देऊन दीड लाख मागतोय, द्यावेत का?

नका देऊ. मी नेरूळच्या शाळेत विज्ञान शिकवत होते, तिथून मस्कतच्या एका भारतीय शाळेत गेले, आता खारघरला असते. शाळेला शिक्षक हवा असेल तर ती शिक्षकाकडून पैसे घेत नाही. अमिरातीच्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून घ्यायला मनाई आहे. आपल्याकडेही १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परदेशी नोकरी लावून देणाऱ्याला नोंदणी करावी लागते आणि त्याने घ्यायच्या शुल्काला मर्यादा आहे: ३०,००० रुपये अधिक जीएसटी. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात त्याचं नाव शोधा. नाव नसेल तर त्याच्याशी बोलणंच बंद करा.

माझं सांगणं एवढंच की आधी कागदांच्या मागे लागा. नोकरी मिळालेल्या शिक्षिका कागदांपायी अडकलेल्या मी पाहिल्यात, आणि आपल्या बायकांच्या बाबतीत तर हमखास नावावर अडतं. मुंबई विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, वडिलांचं आणि शेवटी आईचं. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. आपल्याला यात वावगं काही दिसत नाही, पण परदेशातल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. फरक मोठा असेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्या. याला वेळ लागतो, म्हणून आजच सुरुवात करा.

पदवी आणि बी.एड.च्या मूळ प्रमाणपत्रांवर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा. ओमान अपोस्टील करारात (एका देशाच्या सरकारने खरे ठरवलेले कागद दुसऱ्या देशाने मानायचे, असा आंतरराष्ट्रीय करार) असल्याने तिथे मंत्रालयाचा अपोस्टील, म्हणजे त्या करारातला शिक्का, चालतो. अमिरात त्या करारात नाही, म्हणून पुढे त्यांच्या वकिलातीचा शिक्का आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचाही. बी.एड. मुक्त विद्यापीठातून केलं असेल तर मुलाखतीतच स्पष्ट सांगा, कारण नियमित की दूरस्थ हे तिथे विचारलं जातं. पोलीस क्लिअरन्ससाठी पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा, ठाणेकरांसाठी वागळे इस्टेटचं केंद्र सोयीचं.

शाळा स्वतः शोधा. आखातातल्या सीबीएसई शाळांचं वर्ष आपल्यासारखंच एप्रिलला सुरू होतं, त्यामुळे हिवाळ्यात त्यांच्या संकेतस्थळांवर नजर ठेवा. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्ट-सप्टेंबरला उघडतात.

खरी कसोटी डेमोची, म्हणजे मुलाखतीत शिकवून दाखवण्याची. माझ्या एका मैत्रिणीला व्हिडिओ कॉलवर मुख्याध्यापिकेने विचारलं, मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं, आता काय कराल? तिने लसावि काढायला घेतला नाही. ती म्हणाली, मी त्याला विचारेन की २/५ अर्ध्याहून मोठे की लहान? लहान. मग अर्ध्यात भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं? मूल स्वतःच वहीकडे परत वळेल. तिला नोकरी याच उत्तराने मिळाली असं मला ठामपणे वाटतं. इंग्रजी फाडफाड नसलं तरी चालतं, मुलाची चूक कुठून येते हे कळायला हवं. तुमच्या वर्गातल्या अशा चुका आतापासून टिपून ठेवा, मुलाखतीची याहून चांगली तयारी नाही.

फक्त दुबईच डोळ्यांसमोर ठेवू नका. इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ पासून भारतासह काही नव्या देशांतल्या शिक्षकांना क्यूटीएस या शिक्षक-मान्यतेसाठी ऑनलाइन अर्जाची वाट खुली केली. सुरुवातीला आपल्याकडच्यांसाठी अट होती ती ११ ते १६ वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवायची पात्रता असण्याची. तुमचं गणित तिथे कामी येतं. अर्जाला फी नाही. मात्र ही मान्यता म्हणजे व्हिसा नव्हे. प्रायोजक शाळा वेगळी मिळवावी लागते. अमेरिकेच्या जे-१ या परदेशी शिक्षकांना ठरावीक काळासाठी बोलावणाऱ्या व्हिसा-कार्यक्रमात दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि मुक्काम साधारण तीन वर्षांचा, फार तर आणखी दोन.

करार हातात आला की एकूण पगाराआधी मूळ पगाराचा आकडा बघा. अमिरातीत ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ पगारावर मोजतात, म्हणून शाळेने मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले तर शेवटी तुमच्या हाती कमी येतं. घर, वर्षाचं विमानाचं तिकीट आणि वैद्यकीय विमा लेखी घ्या. नवऱ्याच्या व्हिसावर राहून नोकरी धरणाऱ्या बायकांना 'लोकल हायर' म्हणून घर-तिकीट बऱ्याचदा नाकारतात, तेही आधीच विचारून घ्या. आणि व्हिजिट व्हिसावर 'आधी या, मग बघू' असं कोणी म्हणालं तर जाऊ नका. त्या व्हिसावर वर्गात उभं राहणं बेकायदेशीर आहे आणि पकडलं गेल्यावर दंड तुम्हालाही होऊ शकतो.