कानातला आवाज आणि उडालेली झोप

प्रश्न : ताई नमस्कार. मी इचलकरंजीचा, वय ५८. ३१ वर्षं साध्या मागावर काम केलं, आता घरीच असतो. वर्षभर झालं दोन्ही कानात रातकिड्यासारखा कुंईं आवाज येतोय. दिवसा माणसांत असलो की एवढं जाणवत नाही, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. दारं-खिडक्या लावतो, कानावर उशी दाबतो, काही फरक नाही. आणि लाइट जाऊन गल्लीतले माग थांबले की तर सगळ्यात जास्त. २-३ वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळी डोकं जड आणि आवाज अजून वाढलेला. डॉक्टर म्हणाले याला औषध नाही, सवय करून घ्या. झोपच नाही तर सवय कशी करायची?

उत्तर : दादा, माग थांबले की आवाज वाढतो हे तुम्ही अगदी बरोबर टिपलंय, त्यातच बरंचसं उत्तर आहे. मागाच्या खडखडाटात ३१ वर्षं काढली की आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. मग कानाकडून कमी आवाज येतोय म्हटल्यावर मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, रेडिओवर स्टेशन नसलं की खरखर येते ना, तसंच समजा. खोली जितकी शांत तितकी ती खरखर मोठी. १९५३ मध्ये अमेरिकेत चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं तर ९४ टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं! म्हणजे तुम्ही उशी दाबून, खिडक्या लावून त्या आवाजाला रान मोकळं करून देताय.

तेव्हा आज रात्रीपासून शांतता नको. पंखा भिंतीकडे तोंड करून लावा किंवा मोबाइलवर पावसाचा आवाज लावून तो उशापासून लांब ठेवा. कानातला आवाज बुडेल इतका मोठा मात्र नको, थोडा कमीच ठेवा, दोन्ही ऐकू आले पाहिजेत, तरच मेंदू हळूहळू शिकतो की हा कुंईं बिनकामाचा आहे. लाइट जाते तेव्हासाठी सेलवरचा छोटा रेडिओ जवळ असू द्या.

आता झोप. जागरण झालं की मेंदू चिडचिडा, सावध होतो आणि तोच आवाज दुप्पट त्रास देतो, त्या त्रासाने पुन्हा झोप उडते. ऑक्सफर्डमध्ये फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांवर काम झालं, त्यात कानात आवाज आणि झोपमोड बरोबरच सुरू झालेली दिसली, आणि गाढ झोपेत मेंदूची ती जादाची खळबळ कमी झाली. म्हणून मी पेशंटना सांगते की आवाजाशी भांडू नका, झोप दुरुस्त करा. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. वीसेक मिनिटं पडून झोप नाही लागली तर उठून बाहेरच्या खोलीत बसा, डोळे मिटायला लागले की परत या, घड्याळ बघू नका. रात्र कशीही जावो सकाळी ठरलेल्या वेळेलाच उठायचं, दुपारची झोप आणि चारनंतरचा चहा बंद. पहिला आठवडा जड जातो, खोटं कशाला सांगू, पण नेटाने करा. आणि सकाळी उठल्या उठल्या 'आहे का अजून' म्हणून कान देऊन ऐकायचं सोडा, ती तपासणीच आवाजाला जिवंत ठेवते.

औषध नाही हे खरं, पण उपाय नाहीत असं नाही. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. मागवाल्यांच्या रिपोर्टमध्ये बहुतेक वेळा ४००० हर्ट्झजवळ, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांना, खड्डा दिसतो, तिथे ऐकू कमी येतं. ऐकू कमी येत असेल तर मशीन लावल्यावर दिवसा बऱ्याच जणांचा कानातला आवाज मागे पडतो. सीबीटी नावाचं समुपदेशन मिळालं तर जरूर घ्या, त्रास कमी करायला त्याच्याइतका चांगला पुरावा दुसऱ्या कशाला नाही. जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) किंवा झिंकच्या गोळ्यांवर पैसे घालू नका, कानात तेल तर अजिबात नको.

एक मनात येतं ते बोलतेच. आवाजाने येणारं बहिरेपण कायद्यात कामाचा आजार म्हणून लिहिलेलं आहे, तरी तरुण पोरं आजही उघड्या कानांनी मागावर उभी असतात. तुमच्या ओळखीतल्या पोरांना इअरप्लग घालायला तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतील.

प्रश्न : वय ३४, नाशिक. फक्त उजव्या कानात नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू येते, रात्री त्या कुशीवर झोपताच येत नाही. मीही पंख्याचा उपाय करू का?

उत्तर : ताई, रात्रीपुरता करा, पण तुमची गोष्ट वेगळी आहे. एकाच कानात आणि ठोक्याच्या तालावर आवाज म्हणजे रक्तवाहिन्या, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड हे सगळं बघावं लागतं, कधी स्कॅनही. याच आठवड्यात ईएनटीला दाखवा आणि 'ठोक्याबरोबर येतो' हे शब्द आवर्जून सांगा. आणि अचानक त्या कानाने ऐकू येईनासं झालं, तर वाट न बघता त्याच दिवशी जा, तिथे उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडतात.